फुकटचा तंबू करमुक्त नसतो

नाशिकच्या ट्रेकर मंडळींत एक समज पक्का बसलाय: हौसेनं हरिहर-अंजनेरीचे व्हिडिओ टाकले आणि प्रसिद्धीसाठी कुणी बूट, तंबू दिला, तर त्यावर कर कसला? पैसे थोडेच मिळालेत!

चूक. 1 जुलै 2022 पासून, एकाच कंपनीकडून वर्षभरात 20,000 रुपयांहून जास्त किमतीच्या अशा वस्तू आल्या, तर कंपनीला 10 टक्के टीडीएस (आधीच कापून सरकारकडे जमा करायचा तुमचा कर) भरावा लागतो. वापरून परत केलेली वस्तू यात धरत नाहीत. ठेवून घेतली की धरतात. आणि 20,000 ही करमाफीची मर्यादा नव्हे (बहुतेक जण इथेच फसतात). टीडीएस कापला नाही, तरी वस्तूची किंमत उत्पन्नात दाखवावीच लागते. व्हिडिओसाठीच घेतलेलं मेमरी कार्ड, पेट्रोल यांचा खर्च मात्र वजा होतो, पावत्या जपल्या असतील तर.