पिकअपच्या प्रेशर हॉर्नमध्ये नेमकं ओरडतं कोण?

शेजारच्या भाऊंची पिकअप पहाटे तीनला टोमॅटो भरून नारायणगावच्या बाजाराला निघते. गेल्या महिन्यात त्यांनी तिला दोन कर्ण्यांचा प्रेशर हॉर्न बसवायला काढला. "कंपनीचा हॉर्न म्हणजे शेळी ओरडल्यासारखा. हायवेला कंटेनरवाला बाजूच देत नाही," ही त्यांची तक्रार. गॅरेजमध्ये मीही जाऊन बसलो. मेकॅनिकने नव्या हॉर्नचं मागचं झाकण उघडलं, तर आत काय? पत्र्याची एक पातळ चकती. बशीएवढीही नाही.

तशी चकती कंपनीच्या हॉर्नमध्येही असते, पण तिथे ती विजेवर हलते. चुंबक तिला ओढतं, ओढताच आतला संपर्क तुटतो, वीज बंद पडते, चकती मागे येते आणि संपर्क पुन्हा जुळतो. सेकंदाला साधारण चारशे वेळा. जुनी विजेची घंटा अशीच वाजायची.

प्रेशर हॉर्नमध्ये विजेच्या जागी हवा. चकती एका नळीच्या तोंडावर घट्ट टेकलेली असते. मागून आलेली दाबाची हवा कोंडते, चकतीला केसभर उचलते आणि फटीतून नळीत निसटते. हवा निसटली की दाब पडतो, चकती फटकन जागेवर येते, पुन्हा हवा कोंडते. तुतारी वाजवणाऱ्याचे ओठ हेच करतात. हवा अशी धक्क्याधक्क्याने सुटते म्हणून मूळ सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूरही उठतात. आपला कान सेकंदाला दोन ते पाच हजार कंपनांच्या पट्ट्यात सगळ्यांत तिखट असतो, आणि यातले वरचे सूर नेमके तिथे जाऊन टोचतात.

मेकॅनिकने आधी कर्णा न लावताच हवा सोडली. फुरफुर झाली, बस्स. मग कर्णा आटे फिरवून बसवला आणि तीच हवा सोडली, तेव्हा मी कानांवर हात ठेवले. कर्ण्याने पदरची ऊर्जा घातलेली नाही. हवा इतकी हलकी, की छोट्या चकतीने ढकललं तर ती नुसती बाजूला सरकते. तिला पकडच मिळत नाही. कर्ण्याच्या भिंती तिला सरकू देत नाहीत. नळी हळूहळू रुंदावत जाते, तसा चिमूटभर जागेवरचा जोरदार दाब मोठ्या तोंडावर पसरून बाहेरच्या हवेला जाऊन मिळतो. इंजिन आणि चाक यांच्यामध्ये गिअरबॉक्स असतो, तसाच हा. आणि सूर ठरतो नळीच्या लांबीवर: लांब कर्णा खर्जात, आखूड वरच्या पट्टीत. म्हणून दोन कर्णे.

मोठ्या ट्रकला हे सोपं जातं. त्याचे ब्रेकच हवेवर चालतात, त्यामुळे कॉम्प्रेसर आणि टाकी आयतीच असते. तरी हॉर्नची नळी ब्रेकच्या टाकीला थेट जोडायची नसते. गळती झाली तर ब्रेकची हवा जाते. पिकअपचे ब्रेक तेलाचे, म्हणून १२ व्होल्टचा वेगळा कॉम्प्रेसर आला, वेगळी टाकी आली. ४ लिटरच्या टाकीतला दाब ८ बारवरून (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेएवढा दाब) ५ वर आला, तर बाहेर पडते फक्त १२ लिटर मोकळी हवा. मोठा भोंगा ती काही सेकंदांत संपवतो. कॉम्प्रेसर करंटही बराच खेचतो, म्हणून स्टिअरिंगच्या बटणाने फक्त रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, चालवायचा, जाड वायर थेट बॅटरीवरून आणायची आणि फ्यूज बॅटरीजवळच बसवायचा. दाबलेल्या हवेतून पाणी सुटतं, ते टाकीच्या बुडाच्या कॉकमधून काढत राहायचं. कर्ण्याचं तोंड जरा खाली झुकवायचं, नाहीतर पहिल्या पावसातच तो गुळण्या करू लागेल.

अमेरिकेत हौशी लोक पिकअपला चक्क रेल्वेचे भोंगे लावतात. तिथल्या नियमानुसार इंजिनाचा भोंगा १०० फुटांवर ९६ ते ११० डेसिबल भरला पाहिजे. आपल्याकडे गाडीच्या हॉर्नला ९३ ते ११२ डेसिबल. आकडे सारखेच दिसतात, पण आपले मोजतात ७ मीटरवर. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल उतरतो. त्या हिशेबाने १०० फुटांवरचे ११० म्हणजे ७ मीटरवर जवळजवळ १२३. रेल्वेला ते शोभतं. तिला ब्रेक लावून चटकन थांबता येत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ मध्ये एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा आणि कर्कश, दचकवणारा हॉर्न, दोन्ही मना आहेत. भाऊंना हे सांगितलं. त्यांनी मान हलवली, जशी आपण सगळेच हलवतो.

मग मी तोच ६ डेसिबलचा हिशेब त्यांच्या कंटेनरवाल्याला लावून दाखवला. हॉर्न ७ मीटरवर ११२ धरा. कंटेनरवाला २८ मीटर पुढे असेल, तर त्याच्या केबिनपाशी उरले १००. त्यातून बंद काचा बऱ्यापैकी कापणार, उरलेल्यावर त्याचं इंजिन गुरगुरणार. आणि दोन मीटरवरून चाललेल्या मोटारसायकलवाल्याच्या कानात? सुमारे १२३. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबल दिवसाला आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ११२ ला जेमतेम एक मिनिट उरतं. १२३ ला पाच सेकंदही नाहीत.

भाऊ थोडा वेळ कर्ण्याकडे बघत राहिले. "म्हणजे कंटेनरवाल्याला लाईटचा डिपरच द्यायचा," ते म्हणाले.

मेकॅनिकने तोवर शेवटचा नट आवळला होता.