बंडखोराची कथा आणि निष्ठावंताची कथा

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या ज्या विज्ञानकथांत एखादी कठोर राजवट असते आणि शेवटी कोणीतरी तिच्याविरुद्ध उभे राहते, त्या सगळ्यांना आपण सरसकट बंडाच्या कथा म्हणतो. वास्तविक त्यांत दोन वेगळ्या जाती आहेत. एकीत नायक राजवटीला पहिल्यापासून ओळखून असतो आणि केवळ भीतीपोटी गप्प राहतो; दुसरीत त्याचा तिच्यावर मनापासून विश्वास असतो आणि त्या विश्वासाला तडा कसा जातो, हाच कथेचा विषय असतो.

सुझान कॉलिन्स यांची २००८ सालची ‘द हंगर गेम्स’ पहिल्या जातीची आहे. बाराव्या जिल्ह्यातील सोळा वर्षांची कॅटनिस कुंपणापलीकडे चोरून शिकार करते. सगळ्या जिल्ह्यांवर राज्य करणाऱ्या आणि त्यांच्या मुलांना दरवर्षी एकमेकांच्या जिवावर उठवणाऱ्या खेळात उतरवणाऱ्या कॅपिटॉल या राजधानीविषयी तिला कधीच माया नव्हती, त्यामुळे राजवट वाईट आहे की नाही हा प्रश्न तिच्यापुढे उभाच राहत नाही.

लॉईस लोरी यांच्या १९९३ सालच्या ‘द गिव्हर’मधील जोनासचे तसे नाही. त्याच्या समाजात कोणी उपाशी नाही, सगळे सभ्यपणे बोलतात, वयाच्या बाराव्या वर्षी वडीलधारे प्रत्येकाला काम नेमून देतात आणि त्याला हे सारे योग्यच वाटते. त्याचे प्रेमळ वडील नवजात बालकांची देखभाल करतात. जुळ्यांपैकी कमी वजनाच्या बाळाला ते ‘मुक्त’ करणार असतात, म्हणजे त्याला दुसरीकडे पाठवणार, अशी जोनासची समजूत असते. मग तो त्या प्रसंगाचे चित्रण पाहतो. वडील लाडिक आवाजात बोलत बाळाच्या कपाळावरील शिरेत सुई टोचतात, ते निश्चल झाल्यावर त्याला खोक्यात ठेवतात, खोके कचऱ्याच्या वाटेने सोडून देतात आणि हात हलवून निरोप देतात. येथे सैनिक नाहीत, हुकूमशहाचे भाषण नाही, आणि म्हणूनच हा प्रसंग मला या साहित्यातील सर्वांत भयंकर प्रसंगांपैकी एक वाटतो. राजवट सोडायची तर जोनासला वडिलांनाही सोडावे लागणार आहे.

गोव्यात पहिली जात आपल्या अधिक ओळखीची असावी, हे स्वाभाविक आहे. पोर्तुगीज सत्तेविरुद्धची १८ जून १९४६ ची मडगावची सभा आणि १९ डिसेंबर १९६१ ची मुक्ती शाळेत शिकत वाढलेल्या मुलांच्या मनात जुलमी सत्ता म्हटली की परकी सत्ताच उभी राहते. कथा लिहायला बसल्यावर मग पहिल्याच पानावर क्रूर अध्यक्ष येतो आणि शंका घेण्याला वावच उरत नाही.

समजा, समुद्र चढलेल्या भविष्यातील गोव्यात खाजनांचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचे, बांध आणि मानशींची, म्हणजे त्या बांधांतून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मार्गांची, दारे एका मंडळाच्या ताब्यात आहेत. भरतीला दार बंद, ओहोटीला उघडे, हा क्रम मंडळ काटेकोरपणे पाळते. भात पिकते आणि विहिरी गोड्या राहतात. उरलेली शेते वाचवण्यासाठी ज्या वाड्यावर मंडळाने एका रात्री खारे पाणी सोडले, तेथील मुलगी नायिका केली तर बंडाची कथा तयार होईल. मानशीवर नेमलेल्या माणसाची, मंडळाच्या खर्चाने शिकलेली मुलगी घेतली आणि दार उघडल्याची त्या रात्रीची नोंद तिला बाबांच्याच अक्षरात सापडली, तर ती दुसरी कथा. ही लिहिणे अवघड आहे, कारण मंडळाने केलेले भलेही लेखकाला खरेच दाखवावे लागते. ते नुसते सोंग ठरवले की मुलीची निष्ठा मूर्खपणाची वाटते.

या दोन जातींमधील रेषा कधीकधी एकाच मालिकेत ओलांडली जाते. २०१० सालच्या ‘मॉकिंगजे’मध्ये बंडखोरांची अध्यक्ष कॉइन विजयानंतर कॅपिटॉलच्या मुलांना घेऊन तोच जीवघेणा खेळ पुन्हा भरवण्याचा प्रस्ताव मांडते, आणि कॅपिटॉलचा पदच्युत अध्यक्ष स्नो याला देहदंड देण्यासाठी उभी केलेली कॅटनिस आपला बाण कॉइनवर सोडते. कॅपिटॉलविरुद्ध उभे राहताना जो प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता, तो आता तिला आपल्याच बाजूविषयी विचारावा लागतो.