कोळे रोगाचा पोहणारा बीजाणू : पार्श्वभूमी

श्रावणात वाडीत शिरलं की पोफळीखाली कोवळ्या सुपाऱ्यांचा सडा पडलेला दिसतो. एखादी उचलून पाहावी. देठाकडे पाणी मुरल्यासारखा काळपट हिरवा डाग आणि त्यावर पांढरट बुरा. हाच कोळे रोग. नाव कानडीतलं, तिथे ‘कोळे’ म्हणजे कुजणं. आपल्याकडे दोष पावसाला दिला जातो, आणि ते निम्मं खरं आहे.

म्हैसूर संस्थानात शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी 1910 मध्ये या रोगाचं कारण फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा दिसणारा सूक्ष्मजीव असल्याचं मांडलं. ‘वनस्पतींचा नाश करणारा’ या अर्थाचं हे नाव अँटोन डी बारी यांनी 1876 मध्ये बटाट्याच्या करप्याच्या कारकाला दिलं होतं. त्याच्या इवल्या पिशव्यांतून पाण्यात पोहणारे बीजाणू, म्हणजे रोग पसरवणाऱ्या सुट्या पेशी, सुटतात, हे त्यांनी त्याआधीच पाहिलं होतं.

त्या बीजाणूची आतली रचना दिसली ती मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. आकार काजूगरासारखा, लांबी साधारण 10 मायक्रोमीटर. पोटाकडच्या खाचेतून दोन शेपट्या निघतात. मागची गुळगुळीत. पुढचीवर पोकळ नळ्यांचे बारीक केस असतात, त्यांच्यामुळे पाणी मागे लोटलं जातं आणि पेशी पुढे ओढली जाते. पेशीकेंद्र नासपतीसारखं, त्याचं निमुळतं टोक शेपट्यांच्या बुडाकडे. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती न दिसणारी गोष्ट: या पेशीला भित्तिका, म्हणजे बाहेरचं टणक आवरण, नाही. त्यामुळे पाणी सतत आत शिरतं आणि एक पोकळी ते बाहेर फेकत राहते, होडीतलं पाणी उपसावं तसं.

फळाला टेकला की बीजाणू शेपट्या टाकतो. पोटाजवळच्या पुटिकांतून, म्हणजे पेशीतल्या बारीक पिशव्यांतून, चिकट द्रव्य सुटतं, हे कॅनबेरात शास्त्रज्ञ एड्रियन हार्डहॅम यांनी 1980 च्या दशकात प्रतिपिंडं (ठरावीक रेणूलाच चिकटणारी प्रथिनं) वापरून दाखवलं. काही मिनिटांत भित्तिका तयार होते. ती मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकनची असते, खऱ्या बुरशीसारखी कायटिनची नव्हे. आपण सवयीने बुरशी म्हणतो, पण याचं जवळचं नातं समुद्रातल्या कातळांवरच्या तपकिरी शेवाळाशी आहे.

बीजाणू फळाला टेकल्यापासून भित्तिका तयार होईपर्यंत काही मिनिटंच मिळतात, म्हणूनच एक टक्का बोर्डो मिश्रण पावसाआधी घोसांवर बसलेलं हवं, आणि 40 ते 45 दिवसांनी पुन्हा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. त्यात घासलेला कोयता बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय.