'डाऊनी'ची नोंद कुठं ठेवायची?

तासगाव-पलूस पट्ट्यातल्या द्राक्ष बागायतदारांनी मिळून एक साइट चालवलीय असं समजा. ज्याला जे दिसेल ते त्यानं लिहायचं, चुकलं तर दुसऱ्यानं दुरुस्त करायचं. कुणीतरी फोटोसकट नोंद टाकतो: 'ऑक्टोबर छाटणी, बाग फुलोऱ्यात, सोनाकाच्या घडावर डाऊनी, रात्री पाऊस झाला होता.' (सोनाका हा द्राक्षाचा वाण, डाऊनी हा बुरशीचा रोग.)

आता ही ठेवायची कुठं? रोगांत, छाटणीत, वाणांत की हवामानात? फोल्डर एकच जागा मागतो. चारही ठिकाणी कॉपी ठेवली तर पुढं एक दुरुस्त होते आणि तीन तशाच जुन्या राहतात. वाईत तयार झालेल्या मराठी विश्वकोशानं नोंदी अकारविल्हे लावून हा वाद टाळला. पण ते जमतं नोंदीचं नाव आधी माहीत असेल तर. बागेत उभ्या माणसाला नाव नाही, फक्त डाग दिसत असतो.

यावरचा उपाय संगणकाच्या आधीचा आहे. गणित शिकवता शिकवता मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले एस. आर. रंगनाथन यांनी लंडनच्या दुकानात मेकॅनोचं खेळणं पाहिलं: सुटे तुकडे तेच, जोडणी हवी तशी. १९३३ च्या त्यांच्या कोलन वर्गीकरणात पुस्तकाला तयार कप्पा नसतो. विषयाचे पैलू वेगवेगळे ठरवून जोडले जातात. आपल्याकडे पैलू म्हणजे रोग, वाण, बागेची अवस्था, हवामान, गाव. पाच पैलूंचे दहा-दहा शब्द, म्हणजे लक्षात ठेवायचे फक्त ५०. त्यांतून जुळण्या होतात १,००,०००. एवढे फोल्डर कोण करत बसणार?

नोंद एकाच जागी राहते, तिला टॅग लागतात, म्हणजे पैलूंतल्या शब्दांच्या चिठ्ठ्या. संगणक प्रत्येक टॅगसमोर नोंदींच्या क्रमांकांची यादी ठेवतो, पुस्तकाच्या शेवटी सूची असते तशी. 'सोनाका' आणि 'डाऊनी' मागितलं की दोन्ही याद्यांतले सामाईक क्रमांक काढून देतो. एवढंच.

खरी अडचण माणसांची. १९८७ मध्ये फर्नास आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दोन माणसांनी एकाच गोष्टीला आपणहून एकच शब्द वापरण्याची शक्यता २० टक्क्यांपेक्षाही कमी निघाली. आपल्याकडं तर डाऊनीलाच कुणी दावण्या म्हणतो, पुस्तकात केवडा असतो. एप्रिल छाटणी आणि खरड छाटणी एकच. यावर लोकांची बोली सुधारत बसू नये. एक शब्द मुख्य ठरवावा, बाकीचे साइटनं गुपचूप तिकडं वळवावेत.

वळवताना मात्र बाग कळणारा माणूस हवा. 'पांढरी बुरशी' हा टॅग बघा. भुरी हा बुरशीचा दुसरा रोग, त्याची पांढरी भुकटी सहसा पानाच्या वरच्या बाजूला दिसते. डाऊनीत वर पिवळसर तेलकट डाग आणि पांढरं पानाखाली. दोन्ही नोंदी त्या एका टॅगखाली आल्या, तर वाचणारा डाऊनीवर गंधक मारून मोकळा होईल. गंधक भुरीवर चालतं, डाऊनीवर नाही. असा टॅग सरळ काढून टाकावा आणि तिथं 'पानाच्या वर की खाली?' असं विचारावं.

टॅगचं काम गाळणं. ज्यानं निम्म्या नोंदी बाजूला पडतात तो कामाचा. असे दहा मिळाले, आणि प्रत्येकानं उरलेल्यांतल्या निम्म्या गाळल्या, तर १,०२४ नोंदींतून नेमकी एक हाती लागते. द्राक्षाच्याच साइटवर 'द्राक्ष' हा टॅग काहीच गाळत नाही, पण हौसेनं आधी लागतो तो तोच.