बीआरटी म्हणजे फक्त बसची वेगळी लेन? नाही!

पणजीत ट्रॅफिकचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, बीआरटी (बस रॅपिड ट्रान्झिट, जलद बससेवा) म्हणजे बसला वेगळी लेन, दिल्लीत फेल गेलं ना ते! अर्धवट आहे हो हे. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद जेमतेम 5.8 किमीचा कॉरिडॉर, त्यात कुठलीही बस शिरायची, स्टॉप सिग्नलच्या तोंडावर, तिकीट बसमध्येच, मग रांगा लागणारच, 2016 ला काढून टाकला. अहमदाबादचं जनमार्ग (तिथली बीआरटी) मात्र 2009 ला सुरू झालं ते अजून चालूय, कारण तिथे तिकीट चढायच्या आधी स्टेशनातच (आपण पणजी-म्हापसा कदंबा शटलचं काउंटरवर काढतो तसं) आणि प्लॅटफॉर्म बसच्या दाराएवढा उंच, त्यामुळे म्हातारी माणसंसुद्धा पायरी न चढता पटकन आत जातात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाचतो.