क्रोमच्या पट्टीपासून फोमपर्यंत: बंपर कसा बदलला आणि गार्डवर बंदी का आली

आजच्या गाडीला पुढून जो बंपर दिसतो, ते नुसतं कव्हर असतं. जेमतेम 3 मिलिमीटर जाडीचं, रबर मिसळलेल्या पॉलिप्रॉपिलिनचं. धडक झेलणारं सगळं त्याच्या मागे असतं. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळात असं नव्हतं. तेव्हा दिसायची तीच पोलादी पट्टी धडक घ्यायची. निकेलवर क्रोमचा मुलामा, मागून दोन ब्रॅकेट, पुढे ओव्हररायडर म्हणजे दोन उभे खुंट. वाकली की खोलून ठोकायची, मुलामा उडाला की पुन्हा क्रोमिंगला द्यायची. तिला गंज नेहमी आतल्या बाजूने लागायचा, कारण तिथे मुलामा पातळ आणि चिखल कायमचा. पट्टी क्वचितच बदलावी लागे, पण धडकेचा जोर ब्रॅकेटमधून सरळ चासीत जाई, आणि तिथून माणसापर्यंत.

प्लास्टिकची वाट परदेशात आधीच पडली होती. 1968 च्या पाँटिॲक जीटीओला पुढे गाडीच्याच रंगाचा, पोलादावर युरेथेन चढवलेला बंपर आला. 1972 मध्ये रेनो 5 ही काचतंतू घातलेल्या पॉलिएस्टरचे बंपर घेऊन आली, आणि स्वस्त गाडीलाही हे परवडतं हे दिसलं.

त्याच सुमारास अमेरिकेत नियम आला. 1973 च्या मॉडेलांपासून पुढून ताशी 5 मैलांना आणि मागून अडीच मैलांना भिंतीवर आदळल्यावर दिवे, बॉनेट, इंधनाची टाकी असे सुरक्षेशी निगडित भाग शाबूत राहिले पाहिजेत. पुढच्या वर्षी मागचा वेगही 5 मैल झाला, आणि दशक संपता संपता खुद्द बंपरलाही इजा चालेना. पोर्शे 911 च्या बंपरला दोन्ही टोकांना आलेले रबरी भाते किंवा एमजीबीचा काळा रबरी तोंडवळा ही या नियमाचीच देणगी. 1982 मध्ये हा वेग अडीच मैलांवर आणला गेला आणि बंपर स्वतः चेपला तरी चालेल असं ठरलं. कारण दिलं गेलं वजनाचं, इंधनाचं आणि किमतीचं. वेग निम्मा झाला, पण ऊर्जा चौथाईवर आली, हे लक्षात घ्यायला हवं. 1000 किलोची गाडी ताशी 8 किलोमीटरने, म्हणजे 5 मैलांनी, आदळली तर सुमारे 2,470 जूल ऊर्जा जिरवावी लागते. तेवढ्यासाठी बंपरला 5 सेंटिमीटर दबायला जागा असेल तर सरासरी 5 टनांचा जोर येतो. 4 किलोमीटरला, म्हणजे अडीच मैलांना, हेच काम 617 जुलांत भागतं. युरोपचा नियम या 4 किलोमीटरचाच आहे. दिवे पेटले पाहिजेत, दारं-डिकी उघडली पाहिजेत, रेडिएटर गळता कामा नये, एवढंच तो मागतो. रंग उडाला, कव्हर फाटलं, तरी गाडी पास. आपल्याकडची वाहन-मानकं बरीचशी युरोपच्या वळणावर गेली. त्यामुळे पार्किंगमध्ये खांबाला टेकताच कव्हरला चीर का जाते, या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं उत्तर कव्हर खोलल्यावर दिसतं. वरच्या क्लिपा, चाकाच्या कमानीतले स्क्रू आणि मडगार्डला लागणारे कोपऱ्यातले ब्रॅकेट सोडवले की कव्हर हातात येतं. मागे फोमचा ठोकळा. त्यामागे जादा ताकदीच्या पोलादाचा किंवा ॲल्युमिनियमचा आडवा बीम. बीम आणि चासीच्या लांब दांड्यांच्या मध्ये दोन आखूड पोकळ डबे असतात, ते क्रॅश बॉक्स. ठरलेल्या घड्यांवर ते चुरगळतात आणि मागच्या दांड्या वाचतात. विमा कंपन्यांच्या संशोधन केंद्रांची ताशी 15 किलोमीटरची, गाडीच्या 40 टक्के रुंदीवर होणारी चाचणी मुख्यतः हेच पाहते: दुरुस्ती बोल्टने जोडलेल्या डब्यांवर थांबते, की वेल्ड केलेल्या सांगाड्यापर्यंत जाते. वापरलेली गाडी घेताना कव्हरचा रंग पाहण्यापेक्षा खालून वाकून हे डबे पाहावेत. ते चुरगळलेले दिसले तर गाडी ठोकलेली आहे.

मग पादचारी आला. ऑक्टोबर 2018 पासून नव्या मॉडेलांना आणि दोन वर्षांनी आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलांनाही, भारतात पादचारी-सुरक्षेची चाचणी लागू झाली. यात ताशी 40 किलोमीटरने पायाचा नमुना बंपरवर आदळवतात. गुडघा वाकडा होऊन सांध्याचे बंध तुटू नयेत म्हणून फोम मऊ लागतो आणि खाली नडगीला एकाच वेळी ढकलणारी एक आडवी पट्टी लागते. बीम कडक हवा, त्यापुढचा थर मऊ हवा, आणि दोन्ही मिळून जागा मात्र थोडीच. आजच्या बंपरचा आकार या ओढाताणीतून आला आहे.

गार्डचा वाद नेमका इथे येऊन भिडतो. मुळात गोंधळ शब्दाचा आहे. आपल्याकडे कोपऱ्याला चिकटवायची रबरी पट्टीही गार्ड, बंपरखालची वाकवलेली स्टीलची नळीही गार्ड, आणि एसयूव्हीच्या तोंडावर बॉनेटपर्यंत चढवलेला लोखंडी सांगाडाही गार्डच. 7 डिसेंबर 2017 च्या पत्राने केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितली ती क्रॅश गार्ड आणि बुल बारवर, म्हणजे पुढे बसवलेल्या धातूच्या नळ्या-सांगाड्यांवर. रबरी पट्टी त्यात येत नाही. कारणं दोन दिली होती: पादचाऱ्याला धोका आणि आत बसलेल्यांना धोका.

पहिलं कारण कुणालाही पटेल. फोमच्या जागी नळी आली की ती चाचणी निरर्थक होते. दुसरं कारण समजावून सांगावं लागतं, कारण गार्ड लावणारा माणूस आतल्यांच्या रक्षणासाठीच तो लावत असतो. गार्ड बोल्टने थेट चासीच्या दांड्यांना बसतो. म्हणजे क्रॅश बॉक्सने चुरगळून जो वेळ मिळवून द्यायचा, तो बाजूलाच राहतो. एअरबॅग उघडायची की नाही, हे सेन्सरला येणाऱ्या झटक्याच्या चढावरून काही मिलिसेकंदांत ठरतं. तो चढ उत्पादकाने विनागार्ड गाडीवर मोजलेला असतो. गार्डमुळे झटका लवकर आला तर किरकोळ ठोकरीत बॅग उघडू शकते. जोर भलत्या मार्गाने गेला तर ती उशिरा उघडते.

कायद्याची बाजू मात्र इतकी सरळ नव्हती. आधार घेतला तो मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा: नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांहून वेगळे होतील असा बदल करू नये. गार्ड बनवणाऱ्यांचं आणि अनेक मालकांचं म्हणणं असं की प्रमाणपत्रावर बंपरचा उल्लेखच नसतो, मग बदल कसला? उलट बाजूने सांगता येतं की रिकाम्या गाडीचं वजन त्यावर असतं आणि जड गार्डने ते बदलतं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाही असं स्पष्ट केलं. तो खटला गार्डचा नव्हता, तरी त्यानंतर बंदीची बाजू जड झाली. युरोपने वेगळा रस्ता धरला होता. तिथे 2005 च्या निर्देशाने गार्डलाच पादचारी चाचणी लावली. पास झाला तर विका. ऑस्ट्रेलियात कांगारूंमुळे बुल बारची गरज खरीच आहे, म्हणून तिथे त्याचं वेगळं मानक आहे. आपल्याकडे चाचणीची वाट न ठेवता थेट मनाई आली, तीही वर्षानुवर्षं शोरूममधूनच ॲक्सेसरी म्हणून गार्ड विकले गेल्यावर. मनाई योग्यच होती. पण गावाकडच्या रस्त्यावर रात्री म्हैस आडवी येते, ही गार्ड लावणाऱ्याची भीतीही खोटी नव्हती, आणि तिला उत्तर मिळालं नाही.

त्यानंतर बंपरमध्ये भर पडली ती इलेक्ट्रॉनिक्सची. जुलै 2019 पासून मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. काही गाड्यांत समोरच्या गाडीचं अंतर मोजणारं रडार कव्हरच्या मागेच बसतं. म्हणून रंगकामाची जुनी पद्धत आता चालत नाही. रडारसमोर पुट्टी भरली किंवा धातूच्या कणांचा रंग थरावर थर चढवला तर लहरी अडतात आणि समोरची गाडी चुकीच्या अंतरावर दिसते. पार्किंग सेन्सरच्या तोंडावर जाड रंग बसला तर तो सतत बीप देतो किंवा गप्प होतो. सेन्सर काढून, वेगळा आणि पातळच रंगवावा. कव्हर बदललं तर रडार पुन्हा जुळवून घ्यावं लागतं, आणि तो खर्च अंदाजपत्रकात आधीच लिहून घ्यावा. साध्या विम्यात प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो. त्यामुळे झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, नसेल तर कव्हरची निम्मी किंमत खिशातून जाते. कव्हरला चीर गेली असेल पण क्लिपा अडकवायचे कान शाबूत असतील तर प्लास्टिक वेल्डिंगने काम भागतं. कान तुटले असतील तर वेल्डिंग करून घेऊ नये, कव्हर काही महिन्यांत लोंबायला लागतं.