पडणाऱ्या विमानाचं नाक खाली का करायचं?

विमान कोसळल्याची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: इंजिन बंद पडलं होतं का? रिओ द जानेरोहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं 447 क्रमांकाचं विमान 1 जून 2009 रोजी अटलांटिकमध्ये कोसळलं आणि त्यातले सगळे 228 जण गेले. त्या विमानाची दोन्ही इंजिनं शेवटपर्यंत चालू होती. पंखही धड होते. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांमध्ये बर्फाचे कण अडकले, वेगाचे आकडे थोडा वेळ चुकले आणि ऑटोपायलट सुटला. विमान चालवणाऱ्याने स्टिक, म्हणजे नाक वर-खाली करणारा दांडा, मागे ओढली. विमान सुमारे 38,000 फुटांवर चढलं आणि तिथून साडेतीन मिनिटांत समुद्रात आलं. शेवटच्या नोंदीत ते मिनिटाला जवळजवळ 11,000 फूट या वेगाने खाली येत होतं, आणि नाक मात्र 16 अंश वर होतं.

नाक आकाशाकडे, इंजिनं चालू, आणि विमान खाली. हे कोडं सोडवायला उड्डाणाचे तास लागत नाहीत, फळा आणि खडू पुरतो. म्हणूनच शिकाऊ वैमानिकाला आधी वर्गात बसवतात. 1944 च्या शिकागो करारातून उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने परवान्यासाठी लागणारे विषय ठरवून दिले आहेत, त्यामुळे देश कोणताही असो, ग्राउंड स्कूलचा अभ्यासक्रम साधारण सारखाच असतो. हवाई नियम, हवामान, दिशाशोधन, विमानाची यंत्रणा, रेडिओवरची भाषा, मानवी शरीराच्या मर्यादा आणि उड्डाणाची तत्त्वं. बाकीच्या विषयांवर अन्याय होईल, पण माझा जीव या शेवटच्या विषयात अडकलेला आहे.

शाळेत आपल्याला सांगितलेलं असतं की पंखावरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता असतो, खालून जाणाऱ्या हवेला ती मागच्या कडेला एकाच वेळी गाठते, म्हणून ती वेगाने धावते. यातली ‘एकाच वेळी’ ही अट कोणी घातलेलीच नाही. धुराच्या रेघा सोडून पाहिलं तर वरची हवा खालच्या हवेच्या आधी मागच्या कडेला पोहोचलेली दिसते. चांगला इन्स्ट्रक्टर पहिल्या तासालाच हे पुसून टाकतो आणि फळ्यावर एकच कोन काढतो. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत एक सरळ रेघ, आणि समोरून येणाऱ्या हवेच्या दिशेची दुसरी. या दोन रेघांमधला कोन म्हणजे अँगल ऑफ अटॅक.

इथे एक गोष्ट नीट बघायला हवी. ‘समोरून येणारी हवा’ म्हणजे नाकासमोरची हवा नव्हे. विमान ज्या वाटेने प्रत्यक्ष सरकतं आहे, त्याच्या बरोबर उलट दिशेने ही हवा येते. विमान खाली पडत असेल तर हवा खालून येते. मग नाक फक्त 16 अंश वर असलं तरी पंखाला लागणारा कोन 40 अंशांच्या पुढे जाऊ शकतो, आणि 447 च्या बाबतीत तो तसा गेला होता.

हा कोन वाढवत नेला की लिफ्ट, म्हणजे विमानाला वर उचलणारा पंखाचा जोर, वाढत जाते, पण एका हद्दीपर्यंतच. हलक्या विमानाच्या साध्या पंखात ही हद्द साधारण 15 ते 16 अंशांवर येते. त्यापुढे पंखाच्या पाठीवरून वाहणाऱ्या हवेला वळण घेता येत नाही. ती पाठ सोडते, मागे भोवरे होतात, लिफ्ट ढासळते आणि विमानाला मागे ओढणारा विरोध भसकन वाढतो. यालाच वैमानिक स्टॉल म्हणतात. इंजिनाचा यात काही संबंध नाही. खरं तर वेगाचाही थेट संबंध नाही. विमान कोणत्याही वेगाला, नाक कुठेही असताना स्टॉल होऊ शकतं, फक्त कोन ओलांडला गेला पाहिजे.

कागदाचं विमान करून बघा. मागच्या दोन्ही कडा बोटाने चांगल्या वर वळवा आणि हलकेच सोडा. ते वर चढतं, हवेत क्षणभर थबकतं, मग नाक खाली टाकून सूर मारतं आणि वेग आला की पुन्हा तरंगू लागतं. पुरेशी उंची असेल तर हाच खेळ दोन-तीनदा दिसतो. त्याला कोणी स्टिक मागे ओढून धरलेली नसते, म्हणून ते आपलं आपण सावरतं. माणूस घाबरला की ओढतो. जमीन वर येताना दिसली की हात आपसूक मागे येतो, आणि कोन आणखी वाढतो.

उड्डाणाचे सुरुवातीचे प्रयोग करणारा जर्मन ओट्टो लिलिएन्थाल 1896 साली ग्लायडरमधून, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानातून, पडला तोही स्टॉलमुळेच. पुढे कित्येक वर्षं शिकाऊ मुलांना एवढंच सांगितलं जायचं की अशा अवस्थेच्या वाटेला जाऊ नका. 1917 मध्ये इंग्लंडमधल्या गॉस्पोर्ट इथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी या ब्रिटिश लष्करी वैमानिकाने ही पद्धत उलटी केली. आधी वर्गात कारण समजवायचं, मग दोन जोड नियंत्रणं असलेल्या एव्ह्रो 504 विमानात शिक्षकासह पुढेमागे बसून, बोलायला एक नळी वापरून, मुद्दाम त्या संकटात शिरायचं आणि बाहेर पडायचं. आजचं वैमानिक प्रशिक्षण याच वाटेने चालतं.

आता थोडं गणित, कारण खरी मजा तिथे आहे. वेग कमी होत गेला की उंची टिकवायला कोन वाढवत न्यावा लागतो, म्हणून कोनाची हद्द गाठली जाते त्या वेगाला स्टॉलचा वेग म्हणतात. समजा एक शिकाऊ विमान सरळ उडताना 50 नॉट्सला, म्हणजे ताशी सुमारे 93 किलोमीटरला स्टॉल होतं. ते वळवायचं तर एका बाजूला झुकवावं लागतं, याला बँक म्हणतात. झुकल्यावर लिफ्टचा काही भाग आडवा होतो आणि विमानाला वळवण्यात खर्च होतो. उंची न सोडता वळायचं असेल तर उभा भाग वजनाइतकाच राहायला हवा, म्हणून एकूण लिफ्ट वाढवावी लागते. किती पट? एक भागिले बँकच्या कोनाचा कोसाइन. 60 अंशांचा कोसाइन अर्धा, म्हणजे लिफ्ट दुप्पट. बसलेल्याला आपलं वजन दुप्पट झाल्यासारखं वाटतं. लिफ्ट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे स्टॉलचा वेग दुप्पट होत नाही, दोनच्या वर्गमुळाइतका, म्हणजे 1.41 पट होतो. 50 चे 71 नॉट्स. 30 अंशांच्या बँकला हाच आकडा 54 असतो, 45 ला 59 किंवा 60.

उतरायला येणारं असं विमान साधारण 65 नॉट्सवर असतं. धावपट्टीच्या रेषेत येण्याचं शेवटचं वळण चुकून पुढे गेलं आणि वैमानिकाने ते बँक वाढवून, स्टिक ओढून दुरुस्त करायचं ठरवलं, तर काट्यावरचा वेग तोच राहतो, पण पायाखालची शिल्लक संपते. त्यात रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीवरचं पातं, जास्त दाबलं असेल तर एक पंख आधी स्टॉल होतो आणि विमान गिरकी घेत खाली जातं. तेव्हा उंची काहीशे फूटच असते.

आणखी एक पायरी, ज्यांना सोसेल त्यांच्यासाठी. सुमारे 22,000 फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या निम्मी होते. तेवढीच लिफ्ट मिळवायला खरा वेग पुन्हा 1.41 पट लागतो. मग वैमानिकाने प्रत्येक उंचीसाठी वेगळा आकडा पाठ करायचा का? नाही. पिटो नळीला वेग कळतच नाही, तिला हवेचा दाब कळतो. तो दाबही घनता गुणिले वेगाचा वर्ग याच हिशेबाने बदलतो, म्हणजे अगदी लिफ्टच्याच. विरळ हवेत नळी जेवढं कमी दाखवते, तेवढाच पंखही कमजोर झालेला असतो. त्यामुळे हलक्या विमानांच्या वेगांना स्टॉल काट्यावर त्याच आकड्याला दिसतो. दोन चुका एकमेकींना इतक्या नेमक्या रद्द करतात हे पहिल्यांदा कळलं की मला वाटतं तिथेच माणूस या विषयाच्या प्रेमात पडतो.

दुर्दैवाने हेच शिकायला सध्या कोणाला वेळ नसतो. प्रश्नसंच घोका, इतक्या दिवसांत पेपर काढा, अशा जाहिराती जागोजागी दिसतात. घोकून ‘60 अंशांना लोड फॅक्टर (लिफ्ट वजनाच्या किती पट) दोन’ हे उत्तर बरोबर येतं, पण हवेत पर्याय अ, ब, क, ड समोर नसतात.

वर्गातली शिकवणही चुकू शकते. मोठ्या विमानांच्या वैमानिकांना बरीच वर्षं असं शिकवलं जायचं की स्टॉलची चाहूल लागताच पूर्ण ताकद द्या आणि उंची कमीत कमी गमवा. परीक्षक उंचीच्या फुटांकडे बघायचे, त्यामुळे नाक खाली करायला हात धजावत नसे. त्यात पंखाखाली इंजिन असलेल्या विमानाला एकदम ताकद दिली की जोर खालून लागतो आणि नाक आणखी वर जातं, म्हणजे कोन वाढतोच. 2009 नंतरच्या काही वर्षांत हा क्रम बदलला. आता आधी नाक खाली करून कोन कमी करायचा, मग पंख समतल, मग लागेल तेवढीच ताकद, आणि जाईल ती उंची जाऊ द्यायची.